हिवाळवाट

"ते कातडं द्या इकडे, भावोजी. नुसते बघत काय उभे राहिलात?"

फिनावहिनी गोठ्यासमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या. पुढ्यात शिंगी उलटी टाकलेली. डुकराच्या चरबीचं कातडं मी त्यांच्या हातात दिलं, आणि त्या ते शिंगीच्या लाकडी पट्ट्यांवर घासू लागल्या. लाकूड चकाकायला लागलं तरी त्यांचा हात थांबेना.

शिंगी म्हणजे आमची गवताची घसरगाडी. खालच्या दोन्ही पट्ट्या पुढं वर वळून छातीपर्यंत येतात, बैलाच्या शिंगांसारख्या. ओढणारा त्या दोन शिंगांच्या मध्ये उभा राहतो, पाठीशी गवताचा ढीग, आणि बर्फात टाचा रोवत खाली उतरतो. वर जाताना मात्र शिंगी पाठीवर घ्यायची. माझा थोरला भाऊ बाल्झ ती घेऊन चढू लागला की खालून वाटायचं, दोन शिंगांचं एखादं जनावर मागच्या पायांवर उभं राहून डोंगर चढतंय.

गेल्या हिवाळ्यात बाल्झ अंथरुणावर होता. गवत डोंगरावरच्या कोठीतच राहिलं. बर्फ वितळायच्या आत तो गेला.

"ओढणार कोण?" मी विचारलं.

"चरबी कोण लावतंय?"

"बाईमाणसानं शिंगी ओढलेली मी तरी पाहिली नाही, वहिनी."

"मग उद्या बघा. तुम्ही तर तिथंच उभे असता. फुकटात दिसेल."

तिथंच म्हणजे स्कीवाल्यांना डोंगरावर ओढून नेणाऱ्या लिफ्टच्या पायथ्याशी. आमच्या गावात एकच लिफ्ट आहे. खुर्च्या नाहीत, डबे नाहीत, नुसते दोरखंडाला लोंबणारे दांडे. दोघांच्या पाठीमागं एक दांडा टेकवायचा आणि म्हणायचं, चला. हे काम मी जवानीपासून करत आलोय. माणसाची पाठ पाहून तो कुठं पडणार हे मला कळतं. बाकी फारसं काही कळत नाही.

आमच्या या हिंटरगाडेन गावात हिवाळवाट नावाची एक गोष्ट आहे, ती सांगितली पाहिजे. उन्हाळ्यात ती दिसत नाही. तेव्हा तिथं कुणाचं ना कुणाचं कुरण असतं, आणि त्यात पाय टाकलात तर शिव्या खाल. बर्फ पडला की त्याच कुरणांवरून वरचं गवत खाली आणायचा हक्क जागा होतो. एक हिवाळा गवत आलं नाही तर वाट झोपते. सलग दुसरा हिवाळाही कोरडा गेला तर वाट मेली, आणि मेलेली वाट कुणाच्या बोलावण्यानं उठत नाही. आमच्या घरची वाट नेमकी आज जिथं स्कीचा उतार आहे तिथून येते. लिफ्टचे खांब उभे राहिले तेव्हा आमच्या बापानं एकाच बोलीवर हात मिळवला होता. वरून गवताची हाक आली की लिफ्ट थांबेल आणि लोक बाजूला होतील. बाल्झची हाक आली की मी बटण दाबायचो. पाहुण्यांना गंमत वाटायची, ते फोटो काढायचे.

यंदा वाट दुसऱ्या हिवाळ्यात होती, आणि यंदा बर्फच नव्हता. नाताळात चार चिमट्या पडला, तो पावसानं धुतला. आजूबाजूची कुरणं तपकिरी पडली होती, आणि मधोमध लिफ्टवाल्यांनी यंत्रानं फवारलेल्या बर्फाचा एक पांढरा पट्टा, डोंगराला कुठं लागलं असावं आणि कुणी पट्टी बांधावी तसा. शनिवारनंतर फ्योन सुटणार, असं रेडिओ सांगत होता. तो गरम वारा सुटला की तो पट्टाही चार दिवसांत चाळणी होणार. म्हणजे जे काय व्हायचं ते उद्याच.

तेवढ्यात पिवळी पोस्टबस वळणावर भोंगा वाजवत आली आणि तिच्यातून नोल्डी आणि लिडिया उतरले.

हे ब्युर्गिन नवरा-बायको बाझेल शहरचे. नोल्डीनं जन्मभर ट्राम हाकली, लिडिया शाळेत शिवण शिकवायची. दर फेब्रुवारीत शुक्रवार ते रविवार वहिनींच्या माडीवरच्या खोलीत उतरतात. थोडंसं स्की करतात, जास्त खातात, आणि रविवारच्या बसनं परत जातात. इतकी वर्षं येतायत की त्यांच्या चपला जिन्याखाली कायमच्या पडलेल्या असतात.

"अगं फिना, ही होडी घेऊन कुठं निघालीस? तळं तर खाली राहिलं!" नोल्डी लांबूनच ओरडला.

"तुला न्यायला येणार होते. चालत येतोस की पडत येतोस, काय भरवसा?"

लिडियानं स्की भिंतीला टेकवल्या आणि वहिनींना मिठी मारली. बाल्झ गेल्यावर ती पहिल्यांदाच भेटत होती. मग वहिनी म्हणाल्या, "अंगाला चरबीचा वास येतोय माझ्या. कोट खराब होईल तुझा."

"होऊ दे. जुनाच आहे."

मी पिशव्या उचलत होतो, तर रस्त्यावरून फाबियान हुर्लिमान आला. लिफ्टचा व्यवस्थापक. खालच्या तळ्याकाठचा, तिशीतला. पोरगा वाईट नव्हता. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा आणि यंत्राच्या नळ्या स्वतः ओढायचा. पण त्याला लिफ्टच्या पायथ्याशी बर्फाच्या यंत्रांसाठी पाण्याचा हौद खणायचा होता, आणि जागा हीच, वाटेच्या तोंडाशी. वाट मेली की तो दुसऱ्याच दिवशी कुदळ मारणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"इनफांगरबाई," त्यानं वहिनींपुढं टोपी काढली, "उद्या शनिवार आहे. गर्दीचा दिवस. तुम्ही उतारावर येणार असं ऐकलं."

"बरोबर ऐकलंत."

"तुमचा हक्क बर्फावरचा आहे, मला मान्य आहे. पण बर्फ पडलाय कुठं? उतारावरचा बर्फ आमचा आहे. आम्ही बनवलाय. त्याला वीज लागते, माणसं लागतात."

वहिनींनी कातडं खाली ठेवलं.

"पाणी कुठलं लागतं?"

"ओढ्याचं."

"ओढा कुठून निघतो?"

फाबियाननं डोंगराकडं पाहिलं. ओढा वहिनींच्याच वरच्या कुरणातून निघतो.

"आणि मला सांगा," वहिनी म्हणाल्या, "बर्फ तुमचा आहे ना? मग मे महिन्यात तो वितळून माझ्या गोठ्याच्या दारात येतो, भिंत भिजवतो, तेव्हा घेऊन का जात नाही? तेव्हा मी वाट बघत असते. एक दिवस कुणी बादली घेऊन आलं नाही."

नोल्डी फस्सकन हसला. फाबियानचे कान लाल झाले.

"मी तुम्हाला उपाहारगृहात काम देऊ केलंय. उबेतलं काम आहे. गवत हवं असेल तर उन्हाळ्यात हेलिकॉप्टरनं आणता येतं."

"माझी गेम्सी गाय सोन्याचं दूध देत नाही, हुर्लिमान. साधंच देते. आणि उबेचं म्हणाल तर मला गोठ्यात पुष्कळ ऊब आहे."

तो माझ्याकडं वळला. "जोस्तकाका, उद्या लिफ्ट थांबणार नाही. कुणीही कितीही ओरडलं तरी. हे मी तुम्हाला सगळ्यांसमोर सांगून ठेवतो."

मी पिशव्या घेऊन जिना चढलो. उत्तर द्यायला हात मोकळे नव्हते.

रात्रीच्या जेवणाला बटाटे घातलेली मॅकरोनी होती, वर चीज, शेजारी शिजवलेलं सफरचंद. बाल्झच्या खुर्चीवर मांजर बसलं होतं आणि त्याला कुणी उठवलं नाही.

"मला एक समजत नाही," लिडिया म्हणाली. "एवढ्या गवतासाठी एवढं? पाच गाई तर आहेत तुझ्या."

"चार. एक विकली." वहिनींनी पातेलं पुसत म्हटलं. "वाट गेली तर वरचं गवत वरच कुजणार. वरचं गवत नाही तर हिवाळ्यात गाई नाहीत. गाई नाहीत तर मी कोण? खोल्या झाडणारी बाई. वाईट नाही ते काम. पण मला विचारून झालं पाहिजे ना ते. बर्फ पडला नाही म्हणून होऊ नये."

"मग उद्या आण की. अडचण काय?"

"साक्षीदार."

झोपलेली वाट जागी करायची तर दोन साक्षीदार लागतात. त्यांनी वरच्या कोठीतून मूठभर गवत घेऊन टोपीत खोचायचं, गवताच्या मागोमाग बर्फावरून उतरायचं, आणि ते मूठभर गवत सगळ्यांसमोर त्या घरच्या गाईला टोपीतून खायला घालायचं. गाईनं खाल्लं की साक्ष झाली. साक्षीदार घरचा नको आणि ज्याच्या जमिनीवरून वाट जाते त्याचाही नको. आता आमच्या गावात असा माणूस आणायचा कुठून? अर्धं गाव वहिनींच्या नात्यातलं, उरलेलं अर्धं लिफ्टचं भागीदार. मी तर त्यांचा दीर आणि लिफ्टचा नोकर. दोन्हीकडून बाद.

नोल्डीनं काटा खाली ठेवला. "आम्ही बाझेलचे. आमचं इथं कुणी नाही आणि काही नाही. जिन्याखाली चपला आहेत तेवढ्याच."

"तुम्ही दोन दिवस स्की करायला आलाय," वहिनी म्हणाल्या. "मी म्हणणार नाही."

"तू नको म्हणूस. मी म्हणतेय," लिडिया म्हणाली. "पण तुम्ही सगळे कॅथलिक, आम्ही प्रॉटेस्टंट. चालेल का?"

"गाईला विचारते," वहिनी म्हणाल्या. संध्याकाळपासून त्या पहिल्यांदाच हसल्या.

शनिवारी उजाडताना मी लिफ्ट सुरू केली, आणि पहिला दांडा ब्युर्गिन नवरा-बायकोच्या पाठीमागं टेकवला. वहिनी कधीच निघून गेल्या होत्या, पाठीवर शिंगी घेऊन, पायी. लिफ्टनं जा, मी म्हणणार होतो. म्हटलं नाही. बाल्झही कधी लिफ्टनं गेला नव्हता.

दहा वाजेपर्यंत उतारावर चांगली गर्दी झाली. तिकिटाच्या खोपट्यावरच्या कर्ण्यातून गाणी लागली होती. फाबियान पायथ्याशी उभा होता. वाट जिथं उतार सोडून आमच्या गोठ्याकडं वळते तिथं त्यानं सकाळीच नारिंगी जाळं ताणलं होतं. जाळ्यापलीकडं रस्ता. रस्ता डांबरी, मीठ टाकून खरवडलेला, कोरडा ठणठणीत. आणि पलीकडं गोठा. मी त्या जाळ्याकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं, आणि मला फाबियानचा हिशेब कळला. गवत बर्फावरून यायला हवं. खांद्यावर उचलून नेलं तर ती वाट नव्हे, ते ओझं. आणि रस्त्यावर बर्फाचा कणही नव्हता. वहिनी काल चरबी लावताना सगळं बघत होत्या, पण पायथ्याचा रस्ता रोजचाच, तो कोण बघतो?

गावचा प्रमुख मुहाइम म्हाताराही काठी टेकत आला आणि खोपट्याच्या बाकावर बसला. साक्ष झाली की नाही हे त्यानं सांगायचं. त्याचाही लिफ्टमध्ये वाटा होता.

आणि वरून हाक आली.

बाल्झची हाक जाड होती. डोंगरातून दगड घरंगळावा तशी यायची. ही पातळ होती, पण लांब. एकदा आली. पुन्हा आली. उतारावरच्या माणसांनी वर पाहिलं. काही दांड्यांवर होती, काही खाली येत होती. त्यांना हाकेचा अर्थ माहीत नव्हता.

"काका," फाबियान म्हणाला.

मी बटण दाबलं. दोरखंड कुरकुरत थांबला. दांड्यांवरची माणसं तिथंच टेकून उभी राहिली.

"काका, मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतंत. मी ऐकलंही." मी म्हटलं. "पण हात मिळवला होता तो तुमच्या आधी."

"सोमवारी येऊ नका कामावर."

"सोमवारी फ्योन आहे. कोण येतंय?"

मग मी हातांचा भोंगा करून वर ओरडलो, "बाजूला व्हा! गवत येतंय! कडेला उभे राहा!" लोक हसत हसत कडेला सरकले. त्यांना वाटलं, काही खेळ आहे.

वहिनी वरच्या कडेवर दिसल्या. आधी दोन शिंगं, मग त्यांच्यामध्ये एक लाल डोईचा रुमाल, आणि मागं घराएवढं गवत. बाल्झ आणायचा त्याहून जरा कमी असेल. त्यांच्या मागं दोन टोप्या, स्कीवर, हळूहळू.

पहिला टप्पा नीट गेला. टाच, टाच, टाच. दुसऱ्या टप्प्याला उतार तीव्र होतो, तिथं त्यांनी वेग आवरायला पट्टीखाली साखळी टाकली. आणि तिथंच चूक उघडी पडली. आमच्यातल्या कुणीही तीच चूक केली असती. पडलेल्या बर्फावर लाकूड चिकटतं, म्हणून आम्ही चरबी लावतो. हा बर्फ पडलेला नव्हता. हा यंत्राचा बर्फ काचेसारखा घट्ट होता, आणि त्यावर ते चरबी प्यायलेलं लाकूड सुसाट सुटलं. साखळी नुसती खणखणत राहिली, रुतेना. मला खालून दिसत होतं, वहिनींच्या टाचा बर्फावर घासून भुगा उडवतायत आणि शिंगी त्यांना पुढं ढकलतेय.

बाकावरचा मुहाइम उभा राहिला. फाबियाननं तोंडावर हात नेला. एवढं मी त्याच्या बाजूनं सांगतो.

वहिनी मागं रेलल्या, जवळजवळ गवतावर पाठ टेकली, आणि शिंगं डावीकडं ओढू लागल्या, पट्ट्याच्या कडेला, जिथं बर्फ संपून ओली माती सुरू होते. मातीनं गाडी थांबली असती. पण मातीवर गेली असती तर सगळंच संपलं असतं. हे त्यांना त्या क्षणीही ठाऊक असणार, कारण अगदी कडेशी येऊन त्यांनी शिंगं परत उजवीकडं दाबली.

तेव्हा नोल्डी मागून आला. त्यानं दोन्ही हातांनी गवताला बांधलेली दोरी पकडली, स्कीची टोकं आत वळवली, बूड खाली टाकलं, आणि लोंबकळला. थेट बाझेलपर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, "ब्रेक! ब्रेक!" आणि उजवा पाय बर्फावर थाडथाड आपटत राहिला. लिडियानं नंतर सांगितलं, ट्रामची घंटा पायानं वाजवतात. समोर माणसं दिसली की त्याचा पाय अजून घंटा शोधतो. जेवताना टेबलाखालीसुद्धा.

गाडी हळू झाली. आणखी हळू झाली. शेवटचा टप्पा वहिनींनी पुन्हा आपल्या टाचांवर आणला, टाच, टाच, टाच, आणि नारिंगी जाळ्याला शिंगांची टोकं लागली तेव्हा शिंगी थांबली.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी तिकडं पाहिलं नाही. त्यांच्या गुडघ्यापासून खालचा पायजमा फाटला होता. बाल्झचाच होता तो.

"साक्षीदारानं गाडी धरली," फाबियान मुहाइमला म्हणाला.

"मी थांबवली," नोल्डी धापा टाकत म्हणाला. "ढकलली नाही. जन्मभर थांबवायचाच पगार घेतलाय मी."

मुहाइमनं काठीवर हनुवटी टेकवली. "साक्षीदारानं गवताला हात लावायचा असतोच. किती जोरात, ते कुणी सांगितलेलं नाही."

"आणि बर्फ? हा यंत्राचा बर्फ आहे."

"वाट बर्फावरून, असं जुने लोक म्हणाले. आभाळातून पडलेल्या, असं म्हणाले नाहीत. त्यांना दुसरा ठाऊक नव्हता." त्यानं जरा विचार केला. "बर्फ आहे. मला थंडी वाजतेय."

फाबियाननं खाली पाहिलं, मग जाळ्यापलीकडं बोट दाखवलं. "ठीक आहे. पण इथून पुढं बर्फ नाही. गोठा पलीकडं आहे. गवत इथंच राहिलं." तो हे जिंकल्यासारखं बोलला नाही. नळी जोडताना बोलतो तसं बोलला.

लिडिया रस्त्याकडं बघत होती. तिच्या टोपीत खोचलेलं गवत वाऱ्यानं हलत होतं. "आम्ही बर्फ आणून टाकतो," ती म्हणाली. "फावडी द्या. किती लागेल?"

"मीठ टाकलंय," मी म्हटलं. "दोन मिनिटं टिकायचा नाही."

वहिनींनी जाळं पाहिलं. रस्ता पाहिला. गोठ्याचं दार पाहिलं. मला वाटलं, आता त्या खाली बसतील. इतकं ओझं घेऊन आलेलं माणूस बसलं असतं. त्यांनी रुमाल सोडला, तोंड पुसलं, परत बांधला.

"मुहाइमकाका, गवतानं गोठ्यात यायचं असतं की गाईपुढं?"

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं पाहिलं. "आजवर गाय गोठ्यातच असायची."

"मी ते विचारलं नाही."

"गाईपुढं," तो म्हणाला. आणि त्याच्या मिशीचं एक टोक वर गेलं.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "गेम्सीला घेऊन या."

फेब्रुवारीत बाहेर काढलेलं गेम्सीला आवडलं नाही. दारात अडली, मान झटकली, मग गळ्यातली घंटा खडखडवत निघाली. रस्ता ओलांडला. जाळं मी पायानं आडवं केलं. तिकिटाच्या रांगेत रंगीबेरंगी कपड्यांची माणसं उभी होती, ती दुभंगली. कुणी "आई गं" म्हणालं, कुणी हसलं. गेम्सी बर्फावर आली आणि खूर घसरल्यावर एकदम उभी राहिली. डोळे मोठे. कर्ण्यातलं गाणं ढणाढणा चालू होतं.

नोल्डीनं टोपी काढून दोन्ही हातांत धरली, आत मूठभर गवत. चर्चमध्ये वर्गणीची पिशवी धरावी तशी. गेम्सीनं टोपीचा वास घेतला. मग त्याच्या कोटाला लोंबणाऱ्या लिफ्टच्या तिकिटाचा वास घेतला. मग तोंड फिरवलं.

फाबियाननं घड्याळाकडंही पाहिलं नाही. वर दांड्यांवर अडकलेली माणसं ओरडायला लागली होती, काय चाललंय, चालू करा.

"तिला माझ्या हाताला लावलेल्या क्रीमचा वास येतोय," नोल्डी पुटपुटला. "फिना, तू दे. तुझ्या हातून खाईल."

"टोपीतूनच," मुहाइम म्हणाला. "साक्षीदाराच्या."

वहिनी पुढं गेल्या नाहीत. त्यांनी गेम्सीला चुचकारलं नाही, हाकही मारली नाही. शिंगीला टेकून उभ्या राहिल्या, हात पोटाशी बांधून.

"सावकाश," त्या गाईला म्हणाल्या. "घाई कुणाला आहे? वाट तुझी आहे."

मग फाबियान खोपट्यात गेला आणि गाणं बंद केलं.

इतकं शांत झालं की ओढा ऐकू आला. गेम्सीचे कान पुढं आले. तिनं वर डोंगराकडं पाहिलं. उन्हाळाभर ती तिथं चरलेली. वहिनींच्या पाठीमागच्या ढिगातून त्या कुरणाचा वास येत असणार. जीभ बाहेर काढून तिनं टोपीतलं गवत एका वळशात उचललं आणि चघळायला लागली. मग लिडियाच्या टोपीतलं. मग कुणी न विचारता दोन पावलं पुढं गेली आणि शिंगीवरच्या ढिगात तोंड खुपसलं.

मुहाइमनं टोपी काढली. "वाट जागी आहे," तो म्हणाला, आणि लगेच परत घातली, कारण वारा होता.

मी बटण दाबलं. वरची माणसं हलली.

पुढचं सगळं खालच्या आवाजात झालं. गवत सोडून आम्ही खांद्यावर गोठ्यात नेलं. आता खांद्यावर चालत होतं. फाबियाननं जाळं गुंडाळलं. जाताना तो वहिनींजवळ थांबला. "मी पुढच्या वर्षी हौद दुसरीकडं बघतो. पण पुढच्या वर्षी बर्फ नसला तर? ना तुमचा ना आमचा?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी भांडू," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही या तर खरे."

रविवारी सकाळी ब्युर्गिन निघाले. नोल्डीला मांड्या उचलता येत नव्हत्या. जिन्यावरून तो उलटा उतरला. एक फेरीसुद्धा स्की झाली नाही, तो कुरकुरत होता, आणि बाझेलला कोण विश्वास ठेवणार. गेम्सीनं टोपीच्या काठाची लोकर ओरबाडली होती. लिडिया म्हणाली, मी शिवून देते. तो म्हणाला, हात लावशील तर बघ.

मी त्यांच्या पिशव्या थांब्यापर्यंत आणल्या. सोमवारचं फाबियाननं पुन्हा काढलं नव्हतं, मीही नाही. बसची वाट बघत आम्ही उताराकडं तोंड करून उभे होतो. रोज पहाटे यंत्र फिरवून अख्खा उतार चादरीसारखा सपाट करतात. आजही केला होता. पण मधोमध वरपासून खालपर्यंत शिंगीच्या रुंदीची एक पट्टी तशीच सोडलेली होती. टाचांच्या खुणा, साखळीचे ओरखडे, सांडलेल्या गवताच्या काड्या, सगळं जसंच्या तसं. यंत्र तिच्या डाव्या अंगानं गेलं होतं आणि उजव्या अंगानं आलं होतं. यंत्र चालवणारा पोर आजारी होता. त्या पहाटे ते कुणी चालवलं, हे मी विचारलं नाही.

"फिना कुठाय?" लिडियानं विचारलं. "निरोप घ्यायचा राहिला."

"दूध काढून गेल्या. वर अजून गवत आहे, आणि आज दुपारी फ्योन येणार."

"तिला सांग, लिफ्टनं जा म्हणावं आता. आता काय हरकत आहे?"

मी सांगितलं होतं. सकाळी वहिनी लिफ्टपाशी आल्या तेव्हा मी एक दांडा खाली ओढून धरला होता, दोघांच्या दांड्यावर एक माणूस आणि एक शिंगी सहज बसली असती. त्यांनी दांड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तुमचे आभार, भावोजी," त्या म्हणाल्या. "सोडा तो."

आणि मी सोडला. तो रिकामाच वर गेला.

बस आली. नोल्डीनं पिशव्या आत टाकल्या, आणि चढता चढता पायरीवर थांबला. उतारावर, त्या न सपाट केलेल्या पट्टीवरून, दोन शिंगांचं एक जनावर मागच्या पायांवर उभं राहून वर चाललं होतं. मध्ये एकदा थांबलं. शिंगं जरा सावरली. पुन्हा चालू लागलं.

नोल्डीनं टोपी काढली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला नाही.